बिनविरोध आलीस तरी दारं वाजव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू विचारलंस, "मावशी, फायर बोर्डाला उभी राहू का?" मी पटकन हो म्हटलं नाही, तेव्हा तुझा आवाज उतरला. उभी राहा. माझी आठ वर्षं, म्हणजे दोन टर्म, त्या बोर्डाच्या, म्हणजे आपल्या भागाचं अग्निशमन चालवणाऱ्या फायर डिस्ट्रिक्टच्या निवडून दिलेल्या मंडळाच्या, पाच खुर्च्यांपैकी एकीवर गेली, म्हणून आधी थोडं सांगते.

अर्जाचं काम सोपं आहे. कॅलिफोर्नियात इलेक्शनच्या ११३ दिवस आधी अर्ज सुरू होतात आणि ८८ दिवस आधी बंद होतात. सध्याचा सदस्य पुन्हा उभा राहणार नसेल तर बाकीच्यांना आणखी पाच दिवस मिळतात. डिस्ट्रिक्टच्या हद्दीत तुझं मतदार म्हणून नाव हवं. काउंटीच्या इलेक्शन ऑफिसात स्वतः जा, तिथली माणसं एकेक कागद नीट समजावतात. मतदारांना पाठवायचं तुझं दोनशे शब्दांचं निवेदन मात्र बहुतेक ठिकाणी उमेदवाराच्याच खर्चाने छापलं जातं, तो आकडा आधी विचारून घे.

आणि बहुधा तुझ्यासमोर कोणी उभंच राहणार नाही. जेवढ्या जागा तेवढेच अर्ज आले तर मतदान होत नाही, काउंटीचं निवडून आलेलं सुपरवायझर मंडळ नेमणूक करतं. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गुलाल उधळतात, कारण त्यामागे रात्ररात्र बसून घातलेली समजूत असते. इथल्या बिनविरोधमागे तसं काही नसतं. असं बोर्ड आहे हेच कितीतरी घरांना ठाऊक नसतं. म्हणून समोर कोणी नसलं तरी दारोदार जा. मी गेले नव्हते.

त्याचा परिणाम मला पाचव्या वर्षी दिसला. १९७८च्या प्रॉपोझिशन १३ने प्रॉपर्टी टॅक्सच्या मूळ दराला एक टक्क्याची मर्यादा घातली. घर विकलं जाईपर्यंत त्याचं करासाठीचं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्या एक टक्क्यातला डिस्ट्रिक्टचा वाटाही साधारण त्याच काळात ठरून गेला. तेव्हा आमच्या टेकड्यांवर गुरं चरायची. आता तिथे घरं आहेत, एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत, आणि खर्च आजचा आहे. राष्ट्रीय मानकाप्रमाणे अग्निशमन जवानाचा कोट आणि पँट दहा वर्षांनी बाद होतात. पाठीवरच्या हवेच्या सिलेंडरची दर पाच वर्षांनी दाबचाचणी लागते आणि कार्बनचा असेल तर त्याचं आयुष्य साधारण पंधरा वर्षं. आमचे बरेचसे कोट एकाच ग्रँटमधून आले होते, म्हणजे ते बादही एकदमच होणार होते. बोर्डाने विशेष कर मांडला. बोर्डाने मांडलेल्या अशा कराला दोन तृतीयांश मतं लागतात. निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांनी हो म्हटलं, तरी तो पडला. पुढे एका आजोबांना मी भीतभीतच कारण विचारलं. "पैसे मागणारे तुम्ही कोण, ते मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाले.

तेव्हा आज तू ज्या दारात उभी राहशील, तिथूनच उद्याचे दोन तृतीयांश यायचे आहेत.

दारात मत मागायची घाई करू नकोस. घराचा विमा टिकलाय का, ते विचार. हायड्रंट किती लांब आहे, स्टेशन किती मैलांवर आहे, ते बघ. विम्यासाठी अग्निशमनाचे एक ते दहा वर्ग लावतात, आणि स्टेशनपासून पाच मैलांपलीकडचं घर सहसा दहाव्यात, म्हणजे सर्वांत वाईट वर्गात, जातं. २०१८च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातलंच पॅराडाइज गाव वणव्यात जळालं, ८५ माणसं गेली. ती भीती प्रत्येक घरात आहे, तिच्यावर मत मागू नकोस. स्टेशनला येणारे बहुतेक कॉल आगीचे नसतातच. कोणी न्हाणीघरात पडलेलं असतं, कोणाच्या छातीत दुखत असतं. रात्री दोनला अंथरुणातून उठून जाणारे व्हॉलंटियर कोण आहेत, ते लोकांना सांग.

निवडून आलीस की ब्राउन कायदा, म्हणजे बोर्डाचं काम लोकांसमोर उघड्या मीटिंगमध्येच करायला लावणारा कायदा, लागू होतो, शपथेच्याही आधीपासून. पाचातल्या दोघांनी बोर्डाच्या कामाबद्दल आपापसात बोललं तर चालतं, पण तेच बोलणं तिसऱ्यापर्यंत गेलं, मग ते ईमेलने का असेना, तर तो कायदाभंग. नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लागतो. आधी हे जाचक वाटतं, पण लोकांचा पैसा लोकांसमोरच मोजला जावा, हे मला मनापासून पटतं.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुझ्याकडून नको. एका व्हॉलंटियरची तक्रार ऐकून मी थेट कॅप्टनला फोन केला आणि काय करायचं ते सांगितलं. तक्रार खरी होती. पण बोर्ड चीफला, म्हणजे अग्निशमन दलाच्या प्रमुखाला, नेमतं, बजेट ठरवतं, धोरण ठरवतं. स्टेशनवर हुकूम चीफचा. त्या फोननंतर चीफचा माझ्यावरचा विश्वास परत यायला वर्ष गेलं. तो कॅप्टन तर सोडूनच गेला, आणि त्यात माझा वाटा होता.

अर्ज भरण्याआधी निदान चार मीटिंगांना मागे जाऊन बस. मागच्या तीन वर्षांची बजेटं आणि ऑडिट माझ्याकडे आहेत, रविवारी जेवायला ये, टेबलावर पसरून बघू. आणि गुरुवारच्या ड्रिलला चीफला विचारून एकदा जा. तिथे कोटांच्या आतल्या लेबलवर तयार झाल्याची तारीख असते. ती वाचून ये, मग बजेटला हात लावू.

तुझी,
मावशी