वाचकांचे प्रश्न : अडगळीतला लॅपटॉप आणि घरातली गाणी

घरच्या गाण्यांसाठी स्वतःचा सर्व्हर उभारण्याबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. छपाईच्या सोयीसाठी आज्ञा आणि पत्ते देवनागरीत दिले आहेत. कॉम्प्युटरवर ते रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करा.

माझ्याकडे २०१० च्या सुमाराचा लॅपटॉप पडून आहे. रॅम २ जीबी, विंडोज रखडत चालते. यावर गाण्यांचा सर्व्हर चालेल का? आणि सुरुवात कुठून करायची? — एक वाचक, सातारा

चालेल, अगदी आरामात. गाणं पाठवणं हे कॉम्प्युटरसाठी फार हलकं काम आहे. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक (दर्जा न गमावता लहान केलेल्या) फाइलमधलं गाणं वाजताना सेकंदाला साधारण १ मेगाबिट एवढाच डेटा जातो. जुन्या लॅपटॉपचं १०० मेगाबिटचं केबल-पोर्टसुद्धा त्याला पुरून उरतं. रखडते ती विंडोज, म्हणून ती काढून टाकायची. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलीच आहे.

आमची शिफारस अशी : विंडोजच्या जागी डेबियन लिनक्स आणि त्यावर गाण्यांचा सर्व्हर म्हणून नॅव्हिड्रोम. दोन्ही मोफत आणि मुक्त. जेलीफिन हे असंच दुसरं सॉफ्टवेअरही चांगलं आहे, पण ते मुख्यतः चित्रपटांसाठी घडलेलं आणि वजनाला जड. २ जीबी रॅमवर फक्त गाणी हवी असतील तर नॅव्हिड्रोमच घ्या.

आधी प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते बघा. कोअर टू ड्युओ किंवा त्यानंतरचा असेल तर तो आहेच. सुरुवातीच्या ॲटम नेटबुकांपैकी काही ३२ बिटची आहेत आणि डेबियन १३ त्यांवर बसत नाही, त्यांना डेबियन १२ लागेल. लॅपटॉपवरचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, कारण इन्स्टॉल करताना डिस्क पूर्ण पुसली जाते.

डेबियनची छोटी ‘नेटइन्स्ट’ फाइल उतरवून रूफस या प्रोग्रॅमने ४ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा, लॅपटॉप राउटरला केबलने जोडा आणि पेनड्राइव्हवरून सुरू करा. इन्स्टॉल होताना दोन ठिकाणी थांबून विचार करा. पहिलं, ‘रूट’ या मुख्य खात्याचा पासवर्ड विचारला की तो रिकामा ठेवा. रिकामा ठेवला तरच तुमच्या खात्याला ‘सुडो’चा, म्हणजे व्यवस्थापक म्हणून आज्ञा देण्याचा, अधिकार मिळतो. तिथे पासवर्ड घातलात तर पुढे प्रत्येक आज्ञेला ‘सुडो सापडत नाही’ असं उत्तर येतं आणि नवशिका तिथेच अडकतो. दुसरं, सॉफ्टवेअर निवडायच्या पडद्यावर डेस्कटॉपची खूण काढा आणि ‘एसएसएच सर्व्हर’ (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आज्ञा देण्यासाठी) व ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ एवढ्याच दोन ठेवा. या लॅपटॉपचा पडदा पुढे कुणी बघणार नाही, मग त्यावर रॅम कशाला घालवायची?

मशीन नव्याने सुरू झालं की ‘एपीटी’ने, म्हणजे डेबियनच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आज्ञेने, एफएफएमपेग (गाण्यांचं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) घाला. मग गिटहबवरच्या नॅव्हिड्रोमच्या प्रकाशन-पानावरून ‘लिनक्स एएमडी६४’ची (६४ बिटच्या मशीनसाठीची) ‘डेब’ फाइल उतरवा. नाव एएमडी असलं तरी इंटेललाही तीच चालते. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ लिहून फाइलचं नाव देताना आधी टिंब आणि तिरकी रेघ द्या. ती विसरली तर एपीटी ती फाइल डेबियनच्या भांडारात शोधतं आणि सापडली नाही म्हणतं.

गाण्यांसाठी ‘/एसआरव्ही/म्युझिक’ असा फोल्डर करा आणि त्याची मालकी ‘चोन’ या आज्ञेने स्वतःच्या खात्याकडे घ्या, म्हणजे त्यात फाइली टाकता येतील. ‘/ईटीसी/नॅव्हिड्रोम’मधली ‘नॅव्हिड्रोम.टॉमल’ फाइल उघडून ‘म्युझिकफोल्डर’ या ओळीत तोच मार्ग दुहेरी अवतरणात लिहा. मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल इनेबल --नाऊ नॅव्हिड्रोम’. आता घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता, कोलन (:) आणि ४५३३ हा पोर्ट टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०:४५३३. पहिल्यांदा उघडणाऱ्याला ते व्यवस्थापकाचं खातं बनवायला सांगतं. तो पहिला माणूस तुम्हीच असा. विंडोजच्या कॉम्प्युटरवरून गाणी पाठवायला विनएससीपी सोयीचं आहे.

राउटरच्या सेटिंगमध्ये या लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवा. नाहीतर एखाद्या दिवशी वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि घरातल्या सगळ्या फोनवरची गाणी एकदम बंद पडतात. फोनसाठी, नॅव्हिड्रोम वापरतं ती सबसॉनिक पद्धत समजणारं कुठलंही ॲप चालेल. अँड्रॉइडवर अल्ट्रासॉनिक आणि आयफोनवर ॲम्परफाय ही दोन्ही मोफत आहेत.

सगळं बसवलं, पान उघडतं, पण एकही गाणं दिसत नाही. फोल्डरात तर ४,००० गाणी आहेत. — एक वाचक, लातूर

गाणी तुमच्या ‘होम’ फोल्डरात ठेवली असावीत. नॅव्हिड्रोम ‘नॅव्हिड्रोम’ याच नावाच्या वेगळ्या खात्याखाली चालतं आणि डेबियनमध्ये एकाचं होम फोल्डर दुसऱ्याला उघडता येत नाही. गाणी ‘/एसआरव्ही/म्युझिक’मध्ये हलवा आणि ‘चमॉड -आर ए+आरएक्स’ ही आज्ञा द्या. तिच्यातला पहिला आर आणि शेवटचा एक्स मोठ्या लिपीतले असतात. एक्स मोठा असला की फोल्डर उघडता येतात आणि गाण्यांच्या फाइली ‘चालवण्याजोग्या’ होत नाहीत. मग पानावरच्या वरच्या पट्टीतून पूर्ण स्कॅन करा.

गाणी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर असतील तर ‘एफएसटॅब’ या डिस्कांच्या यादीच्या फाइलमधल्या तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द हवाच. तो नसेल आणि डिस्क कधी निघालेली असेल, तर मशीन सुरू होताना मध्येच थांबून राहतं.

चोवीस तास चालू ठेवलं तर बिल किती वाढेल? लॅपटॉप बरा की डेस्कटॉप? झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपतो, त्याचं काय करायचं? — एक वाचक, म्हापसा

जुना डेस्कटॉप नुसता बसून ६० वॅट घेत असेल तर महिन्याचे ४३ युनिट होतात. पडदा बंद केलेला लॅपटॉप १२ वॅटच्या आसपास घेत असेल तर ९ युनिटही होत नाहीत. आपल्या मशीनचा खरा आकडा प्लगला लावायच्या वॅटमीटरवर कळतो. पेंटियम ४ च्या काळातलं यंत्र असेल तर मोह टाळा, ते वीज खातं आणि पंख्याचा आवाज गाण्यात ऐकू येतो. लॅपटॉपच घ्या.

झाकणासाठी ‘/ईटीसी/सिस्टिमडी/लॉगिनडी.कॉन्फ’मध्ये ‘हँडललिडस्विच’ची ओळ शोधा, तिच्यापुढे ‘इग्नोर’ लिहा आणि ओळीच्या सुरुवातीची जाळीची खूण (#) काढा. ही खूण राहून जाणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. ती असली की ओळ नुसती टीप ठरते आणि लॅपटॉप पूर्वीसारखाच झोपतो.

बॅटरीकडे लक्ष द्या. सतत पूर्ण चार्ज राहणारी जुनी बॅटरी फुगू शकते. टचपॅड वर उचलला गेला किंवा तळ टेबलावर सपाट बसेनासा झाला तर यंत्र लगेच बंद करून ती काढून टाका. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती असेल तर जरूर वापरा. बॅटरी चांगली असेल तर ती वीज गेल्यावर उपयोगी पडते, मात्र राउटरही इन्व्हर्टरवर हवा. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू’ हा पर्याय चालू करा आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तो संपला की घड्याळ जुन्या तारखेवर जातं, आणि मग सुरक्षित संकेतस्थळं जोडली जात नाहीत, एपीटीही चुका दाखवू लागतं.

रात्री गरज नसेल तर रूटच्या ‘क्रॉनटॅब’मध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या यादीत) साडेअकराला ‘आरटीसीवेक -एम ऑफ -एस २१६००’ ही आज्ञा ठेवा. मशीन बंद होतं आणि २१,६०० सेकंदांनी, म्हणजे पहाटे साडेपाचला, आपलं आपण उठतं. भूपाळ्या लावायच्या वेळेला तयार! काही जुनी यंत्रं बंद झाल्यावर उठत नाहीत, म्हणून आधी ३०० सेकंद देऊन तपासा.

घरी नाट्यसंगीताच्या आणि भजनांच्या शंभरेक कॅसेटी आहेत. त्या सर्व्हरवर कशा आणायच्या? लॅपटॉपच्या माइकच्या जॅकला टेप जोडला तर आवाज फाटतो. — एक वाचक, बडोदा

फाटणारच. माइकचा जॅक अतिशय क्षीण आवाजासाठी असतो आणि बहुतेक वेळा मोनो असतो. टेपच्या ‘लाइन आउट’मधून डेस्कटॉपच्या निळ्या ‘लाइन-इन’ जॅकमध्ये जोडा. लॅपटॉपला तो नसतो, तेव्हा स्टीरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड-ॲडॅप्टर घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच ॲडॅप्टरांमध्ये फक्त मोनो माइक असतो, विकत घेण्याआधी विचारा.

आधी टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. एखादी तानपुऱ्याची कॅसेट लावून ऐका. सूर हेलकावे खात असेल तर टेपचा पट्टा सैल झालाय, तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. वेगातला हा दोष नंतर दुरुस्त करणं फार अवघड असतं. बुरशी आलेली कॅसेट तशीच लावू नका, हेड खराब होऊन पुढच्या कॅसेटीही बिघडतात.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, स्टीरिओ ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी धरा. नाट्यपदाच्या शेवटच्या तानेला आवाज चढतो, म्हणून तो भाग आधी वाजवून बघा. घूं असा आवाज येत असेल तर टेप आणि कॉम्प्युटर एकाच सॉकेटपट्टीवर लावा, किंवा लॅपटॉप तेवढा वेळ बॅटरीवर चालवा. मग गाण्यांच्या मधल्या जागी लेबलं टाकून फ्लॅकच्या अनेक फाइली एकदम काढा. ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतील, शंभर कॅसेटी ४० जीबीत बसतात. खरखर कमी करायची असेल तर प्रतीवर करा, मूळ रेकॉर्डिंग तसंच ठेवा. सरसकट खरखर काढली की तिच्याबरोबर गळ्यातला श्वासही जातो.

एक अल्बम पंधरा तुकड्यांत दिसतो, एकच गायक तीन नावांनी दिसतो आणि काही नावं वाचताच येत नाहीत. — एक वाचक, कोल्हापूर

सर्व्हर एका दिवसात बसतो. खरी मेहनत इथे आहे आणि ती करण्यासारखी आहे. नॅव्हिड्रोम फोल्डर बघत नाही, फाइलच्या आत लिहिलेले टॅग वाचतं. ‘अल्बम आर्टिस्ट’ रिकामं असेल तर प्रत्येक गायकाचा वेगळा अल्बम होतो. संकीर्ण संग्रहात तिथे सगळ्या गाण्यांना ‘विविध कलाकार’ एवढंच लिहा. प्रकाशनाचं वर्षही सगळ्या गाण्यांत एकच हवं.

‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे सर्व्हरच्या लेखी तीन गायक. उपाधी न लावता नाव लिहायचं असं एकदाच ठरवून घ्या, यात अनादर नाही. लिपीही एकच ठरवा, देवनागरी किंवा रोमन. मराठीत आणखी एक छुपा सापळा आहे. ‘गोऱ्हे’, ‘वाऱ्यावर’ यातला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. अशी नावं एकदा नीट लिहून तिथून चिकटवत जा.

न वाचता येणाऱ्या नावांचे तीन प्रकार असतात. खुणा लावलेल्या रोमन ‘ए’ची तीच ती अक्षरं सारखी येत असतील तर मजकूर युनिकोडच आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय, तो परत मिळवता येतो. अर्थहीन साधी रोमन अक्षरं असतील तर ते जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी धाटणीच्या फाँटातलं लिखाण, ते युनिकोड-परिवर्तकातून काढावं लागेल. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मूळ अक्षरं गेलेली आहेत, हाताने लिहा. काम किड३ किंवा एमपी३टॅगमध्ये करा. टॅग ‘आयडी३ व्ही२’मध्ये लिहा आणि जुना ‘व्ही१’ पुसून टाका. त्यात नावाला ३० बाइटच जागा असते आणि देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट घेतं, त्यामुळे नाव मध्येच तुटतं.

शास्त्रीय संगीत असेल तर ‘जॉनर’मध्ये ‘ख्याल; यमन’ असं अर्धविराम देऊन लिहा. नॅव्हिड्रोम ते दोन वेगळे प्रकार मानतं, आणि मग एका टिचकीत घरातले सगळे यमन समोर येतात. स्ट्रीमिंगच्या मोठमोठ्या ॲपमध्ये ही सोय मिळत नाही. आम्हाला तर सगळा खटाटोप एवढ्यासाठीही करावासा वाटतो.

मुलगी परदेशात आहे. तिला घरची रेकॉर्डिंगं ऐकता येतील का? राउटरमध्ये पोर्ट उघडून पाहिला, बाहेरून काहीच पोचत नाही. — एक वाचक, नाशिक

अनेक इंटरनेट सेवा आता एकच सार्वजनिक पत्ता शेकडो घरांत वाटून देतात, तिथे पोर्ट उघडून उपयोग नसतो. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुमचंही तेच आहे. उघडलेला पोर्ट बंद करा, संकेतशब्द साध्या जोडणीवरून उघडे जाणं धोक्याचंच होतं. सर्व्हरवर आणि मुलीच्या फोनवर टेलस्केल (दूरची यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर) बसवा, घरगुती वापराला ते मोफत आहे. त्यात सर्व्हरसाठी ‘की एक्स्पायरी’ (चावीची मुदत) बंद करायला विसरू नका. नाहीतर १८० दिवसांनी जोडणी तुटते आणि कारण कुणाला आठवत नाही.

नॅव्हिड्रोममध्ये तिला वेगळं, व्यवस्थापक नसलेलं खातं द्या. तिच्या ॲपमध्ये ओपस (कमी डेटात गाणं पाठवण्याचा प्रकार), ९६ केबीपीएस निवडा. तासाला साधारण ४३ एमबी लागतात, फ्लॅक तसंच पाठवलं तर ३०० च्या वर. हे सगळं घरच्या माणसांपुरतंच ठेवा. खासगी वापराला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे, लोकांना वाटायला नाही.

जुन्याच हार्डडिस्कवर भरवसा ठेवावा का? — एक वाचक, चिपळूण

‘स्मार्टमॉनटूल्स’ घालून ‘स्मार्टसीटीएल -ए’ने तपासा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रिअलोकेटेड सेक्टर’ या ओळींच्या शेवटी शून्य असेल तर वापरा. पेंडिंग शून्याहून जास्त असेल तर आजच प्रत काढून डिस्क बदला. आकडे चांगले असले तरी दुसऱ्या यूएसबी डिस्कवर एक प्रत हवीच, महिन्यातून एकदा ‘आरसिंक’ने. तिच्यात ‘/व्हार/लिब/नॅव्हिड्रोम’ हा फोल्डरही घ्या, प्लेलिस्ट आणि आवडीच्या खुणा तिथे असतात. प्रत काढून झाली की ती डिस्क मशीनपासून वेगळी करून कपाटात ठेवा. पावसाळ्यात वीज पडून जोडलेलं सगळं एकदम जळू शकतं.