वाचकांचे प्रश्न : तळ्यात सापडलेली चप्पल

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही आमच्या सहा वर्षांच्या मुलीला ‘माय नेबर टोटोरो’ हा जपानी अ‍ॅनिमेशनपट दाखवला. पावसातला बसथांबा आणि मांजराची बस पाहून ती खिदळत होती. परंतु धाकटी बहीण मेइ हरवते आणि तळ्यात एक लहानशी चप्पल सापडते, तेथे ती माझ्या कुशीत शिरली. शेवटी पडद्यावर नावे येऊ लागली तेव्हा झोपेची वेळ झाली होती, म्हणून मी टीव्ही बंद केला. चित्रपटातल्या दोघी बहिणींची आई दवाखान्यात असते. तेव्हापासून ती रोज रात्री विचारते, ‘‘त्यांची आई घरी आली का?’’ सासूबाई म्हणतात, मुलांच्या हसऱ्याखेळत्या चित्रपटात आजारपण आणि मरणाची भीती आणावीच कशाला? त्यातच तेरा वर्षांच्या मुलाने कोठेतरी वाचून तिला सांगितले की टोटोरो हा त्यातला गुबगुबीत प्राणी मृत्युदेव असतो आणि दोघी बहिणी शेवटी जिवंत नसतातच. असे प्रसंग वगळून दाखवावेत का? मुलांच्या कार्टूनमध्ये किती अंधार असावा, याला काही माप आहे का?
— एक आई, सातारा

उत्तर : आपल्या मुलीने विचारलेला प्रश्न या चित्रपटाच्या अगदी मुळाशी जाणारा आहे, आणि त्याचे उत्तर चित्रपटातच आहे, त्याकडे मी शेवटी येतो. आधी सासूबाईंच्या शंकेविषयी लिहितो, कारण ती मायेपोटी आलेली आहे आणि तिला नीट उत्तर मिळायला हवे.

हायाओ मियाझाकी यांच्या या चित्रपटात आजारपण अचानक येत नाही. आई दवाखान्यात आहे आणि तिच्याजवळ राहता यावे म्हणून वडील दोन मुलींना घेऊन खेड्यात राहायला आले आहेत, येथूनच कथेला सुरुवात होते. मियाझाकींच्या स्वतःच्या आईला मणक्याचा क्षयरोग होता आणि त्यांच्या लहानपणातील कित्येक वर्षे ती अंथरुणाला खिळून होती. आई घरात नसल्याची उणीव मुले कशी सोसतात, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून चित्रपटातील सारी गंमत, काजळीचे ते चिमुकले जीव, एका रात्रीत आभाळाला भिडणारे झाड, हे सगळे त्या रिकाम्या जागेच्या अवतीभवती उभे राहते. आजारपण काढून टाकले तर टोटोरो नुसता एक गुबगुबीत प्राणी उरेल आणि तो या मुलींनाच का भेटतो, याला काही कारण राहणार नाही.

आता तो चपलेचा प्रसंग आठवून पाहा. दवाखान्यातून तार येते, आईचे घरी येणे लांबते आणि थोरली सात्सुकी, जी तोवर सारे घर सांभाळत होती, शेजारच्या आजींपुढे लहान मुलासारखी रडते. मेइ ते पाहते. आजींच्या शेतातल्या भाज्या खाल्ल्या की आई बरी होईल, हे तिने ऐकलेले असते. म्हणून मक्याचे एक कणीस उराशी धरून ती एकटीच दवाखान्याच्या वाटेला लागते. या साऱ्यात दुष्ट असे कोणीच नाही. संकट उभे राहते ते एका लहान मुलीच्या प्रेमातून आणि मोठ्यांच्या बोलण्याचा तिने घेतलेल्या सरळ अर्थातून, आणि सहा वर्षांच्या मुलाला हे तर्कशास्त्र तंतोतंत कळते. तळ्याकाठी आजी चप्पल हातात धरून देवाचे नाव घेत असतात, गावातील माणसे बांबूंनी पाणी चाचपत असतात. सात्सुकी धापा टाकत येते, पाहते आणि ही मेइची नाही असे सांगते. भीती खरी असते, पण त्या भीतीच्या वेळी सारे गाव त्या मुलीच्या पाठीशी उभे असते.

मला विचाराल तर माप येथे सापडते. अंधार किती मिनिटांचा आहे, यापेक्षा त्या अंधारात मुलाचा हात कोणी धरला आहे का आणि त्यातून बाहेर यायला त्याला पुरेसा वेळ मिळतो का, हे मी पाहतो. १९४२ च्या ‘बांबी’मध्ये पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडते, तिचे मरण पडद्यावर दाखवलेलेही नाही. तरीही तो प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनाला टोचत राहिला, कारण तुझी आई आता परत येणार नाही असे पाडसाला कळते न कळते तोच वसंत येतो आणि पक्षी गाऊ लागतात. माझी तक्रार आहे ती या घाईविषयी. याउलट १९९४ च्या ‘द लायन किंग’मध्ये बाप मेलेला स्पष्ट दिसतो, छावा त्याला उठवू पाहतो आणि अखेर त्याच्याच पंजाखाली शिरून निजतो; तेवढा वेळ चित्रपट थांबतो आणि पाहणाऱ्या मुलालाही रडू देतो.

मापाची दुसरी बाजूही टोटोरोच्याच इतिहासात आहे. हा चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला, तो एकटा नव्हे. तो बनवणाऱ्या स्टुडिओ घिबलीचाच, इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेला ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ त्याच्या जोडीने, एकाच तिकिटात दाखवला जात होता. त्यात १९४५ च्या बाँबवर्षावानंतर कोबे परिसरात पोरकी झालेली दोन भावंडे उपासमारीने मरतात. तो थोर चित्रपट आहे, पण नायक मुले आहेत म्हणून तो लहान मुलांचा होत नाही. भोवतालची मोठी माणसे त्या भावंडांकडे पाठ फिरवतात आणि आधाराला कोणीच उरत नाही. आपल्या मुलीला तो एवढ्यात दाखवू नये, असे मी निःसंकोच सांगेन.

सासूबाईंना एक आठवण करून द्यावीशी वाटते. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ ही गोष्ट त्यांनीही नातीला सांगितली असेल. रानात वाघ म्हातारीला खायला उभा आहे आणि तरी नात हसते, कारण म्हातारी ‘लेकीकडे जाईन, लठ्ठमुठ्ठ होईन’ म्हणते तेव्हा आजीचा आवाज तिच्या कानाशी असतो. वाघ वगळून ही गोष्ट सांगता येणार नाही, आणि आजीशिवाय एकट्या मुलाने ती ऐकावी असे मला वाटत नाही. मुलीला आपल्या कुशीत शिरता आले, म्हणजे तो प्रसंग तिने योग्य जागी बसून पाहिला. तो पुढे सरकवू नये. उगाच काही लपवले आहे एवढेच तिला कळेल.

आपल्या मुलाने सांगितलेली कथा मात्र खोटी आहे. शेवटच्या भागात बहिणींच्या सावल्या दिसत नाहीत, एवढ्यावर ती रचलेली आहे. ती इतकी पसरली की २००७ मध्ये स्टुडिओ घिबलीला खुलासा करावा लागला : टोटोरो मृत्युदेव नाही, मेइ मेलेली नाही, आणि त्या चित्रांत सावली आवश्यक वाटली नाही म्हणून ती काढलेली नाही. शिनचॅन अपघातात वारला, अशी कथाही आपल्याकडच्या मुलांत फिरते आणि तीही अशीच बनावट आहे. तेराव्या वर्षी लहानपणीच्या आवडत्या गोष्टीत काळेकुट्ट रहस्य शोधावेसे वाटणे स्वाभाविक आहे, त्यासाठी मुलाला रागावू नये. परंतु बहिणीला सांगितलेले त्याने स्वतःच दुरुस्त करावे, हे बरे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. दवाखान्याच्या खिडकीत कणीस ठेवले जाते तेथे कथा संपली असे वाटते, कारण आई तेव्हाही दवाखान्यातच असते. पण नावे सुरू होतात त्याबरोबर चित्रेही सुरू होतात. त्या चित्रांत आई मोटारीतून घरी येते, मुली तिला बिलगतात आणि रात्री ती दोघींना दोन बाजूंना घेऊन पुस्तक वाचून दाखवते. झोपेची वेळ झाली म्हणून आपण टीव्ही बंद केला, तेव्हा नेमका हाच भाग तिचा पाहायचा राहिला. आज तेवढा लावून द्यावा, आणि शक्य झाले तर सासूबाईंनाही तिच्याजवळ बसवावे.