‘ते असो’ म्हणून पुढं गेलीस ना, तिथंच थांब

सोलापूरच्या एका बहिणीचं पत्र आलंय. मोठं आहे म्हणून थोडक्यात देते.

‘मी 46 वर्षांची. लहानपणापासून आमच्या सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत आहे, 14 वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलवर्ग घेतला. नाताळानंतरच्या मीटिंगमध्ये एका बाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, कार्यक्रमाचे 3,200 रुपये कुठं गेले? नंतर पावती सापडली, हिशोब जुळला, पण त्यांनी साधं सॉरी म्हटलं नाही. वय झालं, गुडघे गेले, तरी तोरा जात नाही. तेव्हापासून 8 महिने मी चर्चला जात नाही, मोबाईलवर भक्ती बघते. सासूबाईंना दिसतं कमी, त्यांना मात्र त्याच बाई दर रविवारी रिक्षानं नेतात आणि आणून सोडतात, ते असो. होटगी रोडला एका हॉलमध्ये नवीन मंडळी भरते, दोनदा गेले, लोक फार प्रेमळ आहेत. तिकडंच जाऊ का? जिथं माणसंच अशी, तिथं देव कसा भेटणार?’

तुला तू म्हणते गं, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा त्या ‘ते असो’ला अडकले. असो कसं काय? पत्राच्या शेवटी पत्ता लिहिलायस तू, दुसरा मजला. म्हणजे गुडघे गेलेली बाई दर रविवारी खाली रिक्षा थांबवते, दोन मजले चढते, तुझी बेल वाजवते, तुझ्या सासूचा हात धरून एकेक पायरी उतरवते, भक्ती झाली की परत तेच, आणि हे एकदा नाही, 8 महिन्यांत 34-35 रविवार झाले असतील. दार कोण उघडतं गं? तूच ना? आणि मग आत स्वयंपाकघरात जाऊन उभी राहतेस, खरं सांग. पाणी तरी विचारतेस का?

त्यांनी तुझ्यावर नको तो आळ घेतला हे मला दिसतंय. चारचौघांत पैशाचं विचारलं की रात्र रात्र झोप येत नाही. पण त्याच्यावर मी पानभर लिहिणार नाही, कारण ते तू स्वतःच 8 महिने रोज मनात लिहितेयस. त्यांचं जिने चढणं हीच माफी समज, असंही मी म्हणत नाही. त्यांच्या मनात काय आहे ते मला काय ठाऊक, कदाचित तुझी आठवणही येत नसेल, फक्त एका म्हातारीला दिसत नाही आणि तिला देवाच्या घरी जायचंय एवढंच त्यांना कळत असेल. तरी तू विचारलंस ना, अशा माणसांत देव कसा भेटणार? अगं, तो दर रविवारी तुझ्या दारात येऊन बेल वाजवतोय आणि तू आत जाऊन मोबाईलवर त्याला शोधतेयस.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्राचा चौथा अध्याय काढ, प्रेषित पौलानं तिथल्या मंडळीला लिहिलेलं. युवदीया आणि सुंतुखे, दोघी मंडळीत राबणाऱ्या बायका, दोघींचं बिनसलं. पौल दोघींची नावं घेऊन, दोघींनाही वेगवेगळी विनंती करतो की प्रभूमध्ये एकचित्त व्हा. हे पत्र मंडळीत सगळ्यांपुढं वाचलं गेलं असणार, म्हणजे दोघी तिथं बसल्या असतील आणि आपलं नाव ऐकलं असेल, कल्पना कर. भांडण कशावरून झालं, बरोबर कोण, एक अक्षर नाही. मला आधी याचा राग यायचा, वाटायचं अरे निकाल तरी लाव! आता वाटतं, निकाल लावला असता तर एक जिंकली असती आणि दुसरी त्या मंडळीतून उठून गेली असती.

आणि तू सीएनआयची म्हणतेस. आपली ही मंडळी एक झाली कशी ते माहितीये ना? 1929 साली लखनौला बोलणी सुरू झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या. 41 वर्षं! कुणी म्हणायचं लेकराला बाप्तिस्मा द्या, कुणी म्हणायचं मोठं होऊन स्वतः विश्वास धरल्यावरच द्या, कुणाकडं बिशप, आणि आपल्याकडं अमेरिकन मराठी मिशन या जुन्या मिशनरी संस्थेच्या वळणात वाढलेल्यांना बिशप ही गोष्टच नवी. शेवटी बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती ठेवल्या, एकमेकांचं न पटणारं पोटात घेऊन एका मेजाभोवती बसले. एवढे जुने मतभेद घेऊन माणसं शेजारी बसली आणि आपल्याला 3,200 रुपयांची सापडलेली पावती ओलांडता येईना?

होटगी रोडचे लोक प्रेमळ असतील, खोटं कशाला म्हणू. पण तू तिथं दोनदा गेलीस. तिथं अजून कुणी तुला हिशोब विचारलेला नाही, तुझ्या सासूला जिन्यावरून उतरवलेलंही नाही.

म्हणून एकच सांगते, आणि हे करच. येत्या रविवारी त्या बाई वर येतील तेव्हा तू तयार होऊन दारात उभी राहा. सासूचा दुसरा हात तू धर. खाली उतर आणि त्याच रिक्षात बस, मागं तिघी आरामात मावतात, सासूबाईंना मध्ये बसव. रिक्षात पैशाचं बोलायचं नाही, सॉरीची वाट बघायची नाही, आणि मी तुम्हाला माफ केलं असलंही काही म्हणायचं नाही, ते वाक्य फार जड पडतं समोरच्याला. ऊन किती वाढलंय म्हण. गुडघ्याला काय लावता विचार. भाडं मात्र तू दे, इतके रविवार त्यांनीच दिलंय. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा रविवार असेल तर अजून चांगलं, करिंथकरांना पौलानं सांगितलंय की जेवायला जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा, आणि ती रिक्षा तर तुझ्या दाराखाली 8 महिने थांबतेच आहे.

हिशोब जुळला हे मिनिट्समध्ये लिहून घ्यायला पाळकसाहेबांना नंतर सांग, तो तुझा हक्क आहे, पण नंतर.

आणि आपल्या सोलापुरात पाण्याचा नेम नाही, नेमकं रविवारी सकाळीच नळ आला तर? नवरा भरेल. तू खाली उतर.