फॉर्ट वेनराइटला बदली : कुटुंबांचे आरोग्यविषयक प्रश्न

अमेरिकी सैन्यातील उन्हाळी बदल्यांचे आदेश निघू लागले, की अलास्कातील फेअरबँक्सला लागून असलेल्या फॉर्ट वेनराइट या तळावर निघालेल्या मराठी कुटुंबांची पत्रे येऊ लागतात. त्यांतले बहुतेक प्रश्न दरवर्षी तेच असतात आणि त्यांमागची ऐकीव माहितीही तीच असते, म्हणून काही निवडक पत्रांना येथे एकत्र उत्तर देत आहे.

प्रश्न : सर्वांसाठी ‘आर्क्टिक’ जाकिटे ऑनलाइन आताच घेऊन ठेवावीत का? (टेक्सास)

नाही. मुलांची मापे बदलतात आणि जाहिरातीतल्या ‘आर्क्टिक’ या शब्दाने ऊब वाढत नाही. फेअरबँक्सच्या दुकानांत योग्य कपडे मिळतात, ते तिथे पोहोचल्यावर घ्या.

प्रश्न : शाळा एवढ्या थंडीत मुलांना खरेच मैदानावर पाठवते का? (हवाई)

पाठवते, साधारण उणे २० अंश फॅरनहाइटपर्यंत. मला जास्त काळजी वाटते ती गाडीतल्या मुलांची. फुगीर जाकीट घातलेल्या मुलाला कार सीटमध्ये बसवले, की पट्टे घट्ट वाटतात. पण अपघाताच्या धक्क्याने जाकीट चेपते, पट्टे सैल पडतात आणि मूल त्यांतून निसटू शकते. जाकीट काढून पट्टे आवळावेत आणि मग तेच जाकीट उलटे करून वरून पांघरावे.

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या मुलाला दमा आहे आणि त्याची स्पीच थेरपी चालू आहे. ओळखीचे म्हणतात, की ‘ईएफएमपी’च्या तपासणीत हे सांगू नका, पोस्टिंग अडेल आणि यजमानांची बढतीही. (जॉर्जिया)

सगळे सांगा, आणि आजच सांगा. हा सल्ला देणारे लोक तुमच्या मुलाला रात्री धाप लागेल तेव्हा जवळ नसतील.

अलास्का हे अमेरिकेचेच राज्य असले, तरी बदलीच्या नियमांत ते मुख्य भूमीबाहेरचे ठिकाण मानले जाते, आणि म्हणून कुटुंबाच्या प्रवासाला मंजुरी मिळण्यापूर्वी प्रत्येक सदस्याची ईएफएमपी, म्हणजे विशेष गरजा असलेल्या कुटुंबीयांसाठीच्या कार्यक्रमाखाली, छाननी होते. डीए ५८८८ हा छाननीचा अर्ज, डीडी २७९२ हा वैद्यकीय माहितीचा आणि डीडी २७९२-१ हा शिक्षणविषयक गरजांचा. हे अर्ज डॉक्टर, शाळा आणि कार्यालय यांच्यामध्ये फिरत राहतात. सामान बांधायला घेतल्यावर त्यांची आठवण झाली, तर सैनिक पुढे जातो आणि बायकामुले मागे राहतात. विशेष गरज असलेल्या कुटुंबीयाची नोंदणी सेवेत असलेल्या सैनिकाला बंधनकारक आहे; माहिती दडवणे हाच नोकरीतला खरा धोका आहे. नोंदणीचा बढतीशी संबंध नाही, ही लष्कराची अधिकृत भूमिका आहे.

छाननीत एकच गोष्ट पाहिली जाते : मुलाला लागणारी सेवा तिथे उपलब्ध आहे का? तळावर बॅसेट आर्मी कम्युनिटी हॉस्पिटल आहे, पण लहान मुलांच्या काही विशेषज्ञांसाठी सुमारे ३६० मैलांवरचे अँकरेज किंवा विमानाने सिएटल गाठावे लागू शकते. त्यात फेअरबँक्सची हिवाळी हवा दमेकऱ्याला मानवणारी नाही. कडाक्याच्या थंडीत जड, गार हवा खोऱ्यात तळाशी बसते, वरच्या उबदार थराचे तिच्यावर झाकण पडते आणि लाकडाच्या शेगड्यांचा धूर खालीच साचून राहतो. सूक्ष्म कणांचे राष्ट्रीय मानक न पाळणारा भाग म्हणून फेअरबँक्स आणि शेजारच्या नॉर्थ पोल गावाचा परिसर २००९ मध्येच जाहीर झाला होता. जॉर्जियात सौम्य असलेला दमा इथे सौम्यच राहील, असे कोणीही सांगू शकणार नाही.

बालरोगतज्ज्ञांकडे जाताना वर्षभरातील इमर्जन्सीच्या फेऱ्या आणि घ्याव्या लागलेल्या स्टिरॉइड्सची नोंद न्या; त्यांच्याकडून दम्याच्या उपचारांचा लेखी आराखडा घ्या. फवारा असलेला इनहेलर गारठला, तर पुरेसा डोस देत नाही, म्हणून बाहेर जाताना तो आतल्या खिशात अंगालगत ठेवा. स्पीच थेरपीची शालेय योजना, म्हणजे आयईपी, सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. लष्करी कुटुंबांतील मुलांसाठीचा आंतरराज्य करार सर्व ५० राज्यांनी स्वीकारलेला आहे आणि त्यानुसार नव्या शाळेला सुरुवातीला तशाच सेवा द्याव्या लागतात. कागद हाती असले, की ही मागणी पहिल्याच दिवशी करता येते. जावे की न जावे, हे मात्र मुलाचे डॉक्टर आणि ईएफएमपी कार्यालय यांच्याशी बोलूनच ठरवा.

प्रश्न : अंधाराने नैराश्य येते म्हणून व्हिटॅमिन डीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या आणि दिवा असा संच घ्यायला एका विक्रेत्याने सुचवले. घ्यावा का? (नॉर्थ कॅरोलिना)

असा संच घेऊ नका. दोन वेगळ्या गोष्टी एका खोक्यात घालून विकण्याची ही युक्ती आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दिवस जेमतेम पावणेचार तासांचा असतो आणि त्या उन्हाने त्वचेत व्हिटॅमिन डी तयार होत नाही. म्हणून आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांनी रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. पण मोठी मात्रा मनाने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि ती गोळी नैराश्याचे औषध नव्हे. प्रकाशोपचाराचा दिवा १०,००० लक्सचा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) आणि अतिनील किरण गाळणारा असावा. सकाळी उठल्यावर साधारण अर्धा तास पुरतो. १०,००० लक्स किती अंतरावर मिळतात, हे खोक्यावर लिहिलेले नसेल, तर तो परत करा. बायपोलर आजार किंवा डोळ्यांचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा लावू नका. मरणाचे विचार मनात येऊ लागले, तर वसंताची वाट न पाहता ९८८ या क्रमांकावर फोन करा. १ दाबल्यास सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठीची सेवा मिळते.

प्रश्न : नाशिकहून आईबाबा डिसेंबरात येणार आहेत. बाबा इन्सुलिन घेतात. (वॉशिंग्टन राज्य)

शक्य असल्यास त्यांना जूनमध्ये बोलवा. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांना ट्रायकेअर, म्हणजे सैनिकी कुटुंबांची आरोग्य विमा योजना, लागू होत नाही, आणि प्रवासी विम्याच्या जाहिरातीत ‘जुने आजार समाविष्ट’ असे ठळक छापलेले असले, तरी खालच्या अटींत मधुमेह बहुधा वगळलेला असतो. पॉलिसी पूर्ण वाचा. गोठलेले इन्सुलिन वितळल्यानंतरही निकामीच असते, त्यामुळे ते बंद गाडीत पाच मिनिटेही सोडू नये. मात्रेविषयी निघण्यापूर्वी त्यांच्या नाशिकच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : गॅरेजचे दार उघडे ठेवून गाडी गरम केली तर चालते ना? (कोलोरॅडो)

नाही. दार उघडे असले, तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरतो. ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारे विजेचे उपकरण, बसवून घ्या आणि गाडी बाहेर प्लगला लावा. झोपण्याच्या खोल्यांजवळ या वायूची सूचना देणारा अलार्म असल्याची खात्री घर ताब्यात घेतानाच करा, आणि डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी जाणवू लागली, तर ती साथीची सर्दी समजून झोपू नका. सर्वांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा.