बरीच वर्षं प्रार्थना करूनही देव उत्तर देत नाही, तर धीर कसा धरायचा?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं एकाच गोष्टीसाठी प्रार्थना करताय, आता चिडचिड होते, आणि आपला विश्वासच कमी पडतोय की काय अशी भीती वाटते.

ती भीती आधी काढून टाका. बायबलमधलं 13वं स्तोत्र उघडून बघा. सहाच वचनं आहेत, त्यात ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, तोही थेट परमेश्वराला. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. या तक्रारी पवित्र शास्त्राने प्रार्थना म्हणून जपल्या आहेत. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही पुन्हा पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. तेव्हा तेच तेच मागणं म्हणजे अविश्वास नव्हे.

मला हे उशिरा कळलं. माझा धाकटा भाऊ आमच्याशी बोलणं तोडून गेला, त्याला आता अकरा वर्षं होतील. मी गुडघे टेकून ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ म्हणायचे आणि उठले की त्याच्या मित्रांना फोन लावायचे, निरोप धाडायचे. एकदा तर त्याच्या कामाच्या ठिकाणी जाऊन उभी राहिले. त्यानंतर त्याने नंबर बदलला.

बायबलमधल्या सारेची, अब्राहामाच्या बायकोची, गोष्ट मी त्या दिवसांत नव्याने वाचली. देवाने बोलावून संततीचं वचन दिलं तेव्हा अब्राहाम 75 वर्षांचा होता, त्यांचा मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 वर्षांचा. मधल्या 25 वर्षांत सारेला दम निघाला नाही, मूल व्हावं म्हणून तिने आपली दासी हागार हिला अब्राहामापुढे केलं. त्या घाईची किंमत कोणी मोजली? हागारेने आणि तिच्या लेकराने, घरातून काढून दिल्यावर, रानात, पाणी संपलेलं असताना. ते वाचून मी खूप रडले, कारण माझी घाईही माझ्या भावानेच सोसली होती.

तेव्हापासून रात्री 13वं स्तोत्र मोठ्याने म्हणते, राग असेल तर रागाने. मग काहीही न मागता थोडा वेळ नुसती बसते. पहिले काही महिने ते बसणं असह्य व्हायचं. आणि ‘आत्ताच काहीतरी केलं पाहिजे’ असं वाटलं की सकाळची प्रार्थना होईपर्यंत थांबते. बहुतेक वेळा सकाळी तो आवेग उरलेला नसतो.

मात्र आजारपण असेल, घरात मारहाण होत असेल, तर देवाची वाट पाहतोय म्हणून उपचार किंवा मदत लांबवू नका. सारेसारखं दुसऱ्याच्या आयुष्यात हात घालणं वेगळं आणि हे वेगळं.

मागच्या वर्षी एका नातेवाइकाकडून भावाचा नवा नंबर मिळाला. तीन आठवडे थांबून मी एकच मेसेज केला, ‘कधीही ये.’ त्याने तो वाचलाय. दुसरा मेसेज मी केलेला नाही.