उजवे पक्ष आजही पूर्वीइतकेच उजवे आहेत का?

तुम्ही विचारलंय की भाजप आणि शिवसेना अजून खरंच उजवे आहेत, की आता सगळे पक्ष सारखेच झालेत. मी जळगावचा, घरात जनसंघापासूनचं, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षापासूनचं राजकारण. माझं उत्तर असं, की धर्म आणि राष्ट्र या बाबतीत हे पक्ष पूर्वीपेक्षा ठाम झालेत. पण सरकारने खर्चाला आवर घालावा, बाजारात ढवळाढवळ करू नये, हा जुना उजवेपणा जवळपास संपला.

सुरुवातीलाही चित्र एकरंगी नव्हतंच. 1957 साली जनसंघाचे देशभरातून चारच खासदार निवडून आले. त्यांत एक वाजपेयी आणि एक आपल्या धुळ्याचे उत्तमराव पाटील. दिल्लीत जनसंघ एकात्म राज्यव्यवस्था, म्हणजे सगळी सत्ता केंद्राकडे, मागत होता आणि इथे मात्र तो संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी आणि शेकापच्या मांडीला मांडी लावून बसला होता. हिंदूंच्या लग्न-वारशाचे कायदे बदलणाऱ्या हिंदू कोड बिलाला विरोध करणारा हाच पक्ष आता भाजप म्हणून समान नागरी कायदा मागतो. 1959 मध्ये काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला, त्यानंतर त्याने तिला विरोध केला, तो मात्र इकडच्या जमीनवाल्याला मनापासून पटला.

आमचे मोठे काका कापसाची अडत करायचे. निवडणूक आली की भिंतींवर पणती, जनसंघाची निशाणी, रंगवायला रात्र रात्र बाहेर. 1972 ला कापूस एकाधिकार योजना, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच खरेदी करायचा, अशी आली आणि त्यांचा धंदा बसला. सरकारने व्यापारात उतरू नये, फुकट कुणाला काही देऊ नये, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, अंगावर आलेलं होतं. 2024 च्या पावसाळ्यात आमच्या दोन्ही वहिनी आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक घेऊन लाडक्या बहिणीचा फॉर्म भरायला सेतू केंद्रावर निघाल्या, तेव्हा हेच काका ओट्यावरून म्हणाले, "भरा बेटा, आपलंच सरकार देतंय."

वहिनींना मी बोल लावणार नाही. स्वतःच्या खात्यात दरमहा 1500 रुपये येणं ही बाईसाठी मोठी गोष्ट आहे. त्या नोव्हेंबरात विधानसभेला जळगाव जिल्ह्यातल्या सर्व 11 जागा महायुतीला गेल्या. मला खुपतं ते वेगळंच. दोनच वर्षांपूर्वी, 2022 मध्ये, पंतप्रधानांनी 'रेवडी'वर, म्हणजे मतांसाठीच्या फुकट वाटपावर, टीका केली होती. आता तिजोरीचा हिशेब मागणारा माणूस सत्तेत नाही आणि विरोधातही नाही, कारण महाविकास आघाडीने तर 3000 चं आश्वासन दिलं होतं. लोकशाहीत असा हिशेब मागणारा एक तरी पक्ष हवा, असं मला कळकळीने वाटतं.

शिवसेनेचं थोडक्यात सांगतो. 1966 मधली मुंबईची सेना नोकऱ्यांसाठी दाक्षिणात्यांविरुद्ध उभी राहिली. तो मुद्दा खानदेशात कधी चाललाच नाही. इथल्या बाजारपेठेत गुजराती-मारवाडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि खेड्यात अहिराणी बोलतात, मग परका कोण? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सेना हिंदुत्व घेऊन आली, तेव्हाच ती आमच्या गावागावांत रुजली. त्यामुळे 2022 च्या फुटीत इकडचे बरेच आमदार शिंदेंसोबत गेले, याचं मला तरी नवल वाटलं नाही.

आणि काँग्रेस? आहे ते राखायचं, घराणी सांभाळायची, या अर्थाने शेजारच्या आदिवासीबहुल नंदुरबारची काँग्रेस कमी जुन्या वळणाची नव्हती. माणिकराव गावित तिथून नऊ वेळा खासदार झाले. 2014 ला भाजपच्या हीना गावितांनी त्यांना हरवलं, पण हीना यांचे वडील विजयकुमार गावित त्याआधी राष्ट्रवादीचे मंत्री होते. म्हणजे झेंडा बदलला, घराणेशाही तशीच राहिली. 2024 च्या लोकसभेला मात्र पारडं फिरलं. संविधान आणि आरक्षणाला धक्का लागेल ही भीती होती, धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढण्याच्या मागणीचीही चर्चा होती. काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाहून जास्त मतांनी आले. आपली जमीन, आपलं आरक्षण, आपलं संविधान जसं आहे तसं राहू द्या, असं सांगत आदिवासी मतदार तेव्हा काँग्रेसकडे गेला, आणि बदलाची भाषा भाजपच्या तोंडी होती.