तेविसाव्या दिवसाची संध्याकाळ

परळहून एका वाचकाचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

‘आदरणीय ताई, माझे वय ४६. बारा-तेरा वर्षे रोज संध्याकाळी एक क्वार्टर होती, शेवटच्या दोन वर्षांत दोन झाल्या. आता २३ दिवस थेंबही घेतलेला नाही. डॉक्टरकडे गेलो नाही, स्वतःच बंद केली. पण रात्री दोनला डोळे उघडतात ते पुन्हा मिटत नाहीत, मुलावर उगाच ओरडतो आणि स्टेशनबाहेर आलो की पाय त्याच गल्लीकडे वळतात. घरी पोचलो की बायको दारातच तोंडाचा वास घेते, त्याचा फार अपमान वाटतो. मेहुणा म्हणतो, एक गोळी असते, ती चहातून दिली की माणूस पिऊच शकत नाही. बायको ते ऐकून गप्प बसली. पुढच्या रविवारी मित्राच्या मुलाची हळद आहे. पूर्वी मी श्रावण पाळत असे, महिनाभर काही वाटत नसे. गेली दोन वर्षे मात्र तेही जमले नाही. मग आता कसे जमणार?’

प्रिय भाऊ,

तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य श्रावणाचे आहे. श्रावण पाळणे आणि दारू सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रावण पाळणाऱ्याला तो कधी संपणार हे माहीत असते, गटारीला कोटा भरून घेतलेला असतो आणि मन पुढच्या तारखेवर टेकलेले असते. या वेळी तुमच्यापुढे तशी तारीख नाही, म्हणून हे जड जाते. शिवाय दोन वर्षांपूर्वीपर्यंत जे जमत होते ते जमेनासे झाले, याचा अर्थ तुमची इच्छाशक्ती आटली असा नसून शरीर दारूवर अवलंबून राहू लागले होते, असा आहे. दारू मेंदूची गती मंदावते. ती रोज मिळू लागली की तोल सांभाळण्यासाठी मेंदू आपली गती वाढवून ठेवतो आणि दारू थांबली तरी ती वाढलेली गती लगेच उतरत नाही. रात्री दोनला उघडणारे डोळे आणि मुलावर निघणारा आवाज या दोहोंमागे बव्हंशी हेच कारण आहे. झोपेची घडी बसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर कोणाच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या घेऊ नका, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांचीही सवय लागते. मुलाला मात्र आजच सांगा की बाबाचे अंग अजून सावरते आहे आणि त्यात तुझी काही चूक नाही.

एका गोष्टीबद्दल मला थोडे रागवायचे आहे. रोज दोन क्वार्टर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू थांबवणे धोक्याचे असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात आणि त्यात माणूस दगावूही शकतो. तुम्ही त्यातून सुखरूप बाहेर आलात याचा मला मनापासून आनंद आहे. पण पुढे कधी पाय घसरला आणि पिणे पुन्हा रोजचे झाले, तर घरच्या घरी बंद करू नका. केईएम रुग्णालय तुमच्या घराजवळच आहे, तिथल्या मानसोपचार विभागात आताही जाऊन या. इतक्या वर्षांच्या पिण्याने शरीरातले बी-१ जीवनसत्त्व बरेचदा कमी झालेले असते, तेही डॉक्टरांना पाहू द्या.

मेहुण्यांनी सांगितलेली गोळी बहुधा डायसल्फिराम असावी. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते आणि रक्तदाब घसरतो. हृदयाचे दुखणे असेल तर ते जिवावर बेतू शकते. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सर्व माहिती देऊन आणि त्याच्या संमतीनेच द्यायची असते. चहातून चोरून कधीच नाही. हे पत्र वहिनींना वाचायला द्या.

आता संध्याकाळ. तुम्ही दिवसभर दारूशी झगडत आहात असे मला वाटत नाही. तुमची लढाई गाडीतून उतरल्यापासून जेवणाचे ताट समोर येईपर्यंतच्या दीड-दोन तासांची आहे, म्हणून सारी शक्ती तिथेच लावा. ऑफिसातून रिकाम्या पोटी निघू नका. दोन केळी, गूळ-शेंगदाणे, अगदी वडापावही चालेल, कारण भूक आणि तलफ या काळात एकमेकींचे कपडे घालून येतात. परळ स्थानकातून दुसऱ्या बाजूने बाहेर पडा, किंवा दादरलाच उतरून थोडा वेळ शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा आणि मग घरी चालत जा. तलफ चढते तशी उतरतेही, बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत, आणि ती मिनिटे त्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून काढायची नसतात. खिशात पैसे कमी ठेवण्याचा जुना सल्ला फोनवरून पैसे देण्याच्या काळात फारसा उपयोगी राहिलेला नाही. वाट बदलणे हाच त्याहून खात्रीचा उपाय आहे.

हाच वेळ अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेलाही देता येईल. १९३५ साली अमेरिकेत दारूने पोळलेल्या दोघांनी, एका शेअर दलालाने आणि एका शल्यचिकित्सकाने, ही चळवळ सुरू केली. मुंबईत तिच्या मराठी सभाही होतात, फी नसते, आडनाव कोणी विचारत नाही. तिथे जन्मभराचे वचन मागत नाहीत, फक्त आजचा दिवस न पिण्याचे बोलतात. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे. बोलावेसे वाटले तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

दारातल्या वासाबद्दल मला जे सांगायचे आहे ते मी माहेरी पाहिले आहे. वडिलांची दारू सुटल्यावरही आई दार उघडताना किंचित पुढे झुकायची, हातात पिठाने माखलेले लाटणे तसेच असायचे. वडील काही न बोलता क्षणभर थांबत आणि मग चपला काढत. जवळजवळ दीड वर्षाने एका संध्याकाळी आईने कडी काढली आणि पोळी करपेल म्हणून ती तशीच आत वळली. वडील उंबऱ्यातच उभे राहिले होते. तुमच्या २३ दिवसांपुढे वहिनींची बारा-तेरा वर्षे आहेत, भाऊ. त्यांना वास घेऊ द्या, आणि जमले तर त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच म्हणा, ‘आज नाही घेतली.’

हळदीला जाऊ नका. मित्राला आजच फोन करून खरे कारण सांगा आणि लग्नाला सकाळी वहिनींना घेऊन जा, अक्षता टाका, जेवा आणि परत या.